यीस्टमधलं कायनेटोकोअर आणि पेशीचक्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांपासून पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यातल्यांपर्यंत सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नुसतं ‘यीस्ट’ म्हटलं आहे तिथे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे मुकुलनाने वाढणारं यीस्ट समजावं. प्रश्नांना क्रमांक आहेत, कारण उत्तरं एकमेकांचा हवाला देतात.

१. कायनेटोकोअर आणि सेन्ट्रोमिअर यात फरक काय?

सेन्ट्रोमिअर हा डीएनएचा तुकडा. कायनेटोकोअर हे त्या तुकड्यावर बसणारं प्रथिनांचं यंत्र, आणि ते गुणसूत्राला स्पिंडलच्या (गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या सांगाड्याच्या) मायक्रोट्यूब्यूलशी, म्हणजे प्रथिनांच्या नळीशी, जोडतं. कामं तीन: मायक्रोट्यूब्यूलचं टोक वाढत-घटत असतानाही ते धरून ठेवणं, चुकीची पकड सोडून देणं, आणि पकड नसेल तर पेशीचक्राला ‘थांब’ म्हणून सांगणं. ही तिन्ही कामं वेगवेगळी बिघडू शकतात. कुठल्याही म्युटंटबद्दल (जनुक बदललेल्या यीस्टबद्दल) म्हणूनच तीन प्रश्न सुटे विचारावेत: कायनेटोकोअर बांधलं गेलंय का, त्याने मायक्रोट्यूब्यूल धरलाय का, आणि त्या पकडीवर ताण आहे का? ‘कायनेटोकोअर डिफेक्ट’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

२. माणसाच्या पेशी सोडून यीस्ट कशासाठी?

यीस्टच्या एका कायनेटोकोअरला एकच मायक्रोट्यूब्यूल लागतो. त्यामुळे पकड आहे किंवा नाही, अर्धवट काही नाही. जनुकं हवी तशी बदलता येतात, वायपीडी या नेहमीच्या पोषक माध्यमात ३० अंश सेल्सिअसला पेशी साधारण ९० मिनिटांत दुप्पट होतात, आणि मुख्य प्रथिनांपैकी बहुतेकांची भावंडं माणसात आहेत.

३. कायनेटोकोअर कुठे बसायचं हे यीस्टला कसं कळतं?

डीएनएच्या क्रमावरून. हे यीस्टचं वैशिष्ट्य आहे. बहुतेक प्राण्यांत आणि वनस्पतींत नुसत्या क्रमावरून जागा ठरत नाही. १९८० मध्ये लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी तिसऱ्या गुणसूत्राचा सेन्ट्रोमिअर वेगळा काढला, तेव्हा तो किती छोटा आहे हे दिसलं. सोळाही गुणसूत्रांवर तो सुमारे १२५ बेस जोड्यांचा असतो आणि त्याचे तीन भाग पडतात.

सीडीई-१ हा ८ बेस जोड्यांचा. तिथे सीबीएफ१ बसतं. हा भाग काढला तर गुणसूत्र हरवण्याचं प्रमाण वाढतं, पण काम चालू राहतं. सीडीई-२ हा ७८ ते ८६ जोड्यांचा आणि जवळजवळ सगळा ए-टी. इथे नेमका क्रम दुय्यम; लांबी आणि ए-टीचं प्रमाण महत्त्वाचं. सीडीई-३ सुमारे २५ जोड्यांचा, आणि यातल्या मधल्या सीसीजीमधलं एक अक्षर बदललं तरी सेन्ट्रोमिअर निकामी होऊ शकतो. प्लाझमिडवर (छोट्या गोल डीएनएवर) सेन्ट्रोमिअर क्लोन करताना पीसीआरमधली एखादी चूक नेमकी इथे पडली, तर प्लाझमिड ‘अस्थिर’ वाटतो आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. सीक्वेन्सिंग करताना हा भाग आधी पाहा.

४. प्रथिनं कोणत्या क्रमाने जोडली जातात?

डीएनएकडून मायक्रोट्यूब्यूलकडे असा क्रम लक्षात ठेवावा.

पहिली पायरी सीबीएफ३ संकुलाची: एनडीसी१०, सीईपी३, सीटीएफ१३ आणि एसकेपी१. हे सीडीई-३ ओळखतं. (एसकेपी१ पेशीचक्रातल्या एससीएफ या युबिक्विटिन लायगेजमध्येही, म्हणजे प्रथिनांवर नष्ट करण्याची खूण लावणाऱ्या एन्झाइममध्येही, असतं. म्हणूनच एसकेपी१चे काही म्युटंट जी१मध्ये, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याआधी, अडकतात तर काही जी२मध्ये, म्हणजे त्यानंतर. एकाच जनुकाचे दोन असे अवतार पाहून गोंधळ होतो, पण त्यात विसंगती नाही.) सीबीएफ३च्या मदतीने एससीएम३ हे चॅपरोन प्रथिन सीएसई४ आणून बसवतं. सीएसई४ म्हणजे हिस्टोन एच३चा सेन्ट्रोमिअरसाठीचा प्रकार, माणसातल्या सेनपी-एचा नातेवाईक. प्रत्येक सेन्ट्रोमिअरवर असा एकच न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळलेला हिस्टोनांचा गोळा) असतो.

त्या न्यूक्लिओसोमवर आतला थर येतो: मिफ२, आणि ओकेपी१, एएमई१, सीटीएफ१९, एमसीएम२१ या चौघांचं कोमा संकुल. यातली ओकेपी१ आणि एएमई१ नसतील तर पेशी जगत नाही. सीटीएफ१९ आणि एमसीएम२१ नसूनही जगते, फक्त गुणसूत्रं जास्त हरवते. मग एमटीडब्ल्यू१ संकुल (एमटीडब्ल्यू१, एनएनएफ१, एनएसएल१, डीएसएन१) आतल्या थराला बाहेरच्याशी सांधतं. बाहेर एनडीसी८० संकुल (एनडीसी८०, एनयूएफ२, एसपीसी२४, एसपीसी२५) मायक्रोट्यूब्यूल धरतं, आणि एसपीसी१०५ चेकपॉइंटच्या (पकड नसेल तर चक्र थांबवणाऱ्या यंत्रणेच्या) प्रथिनांना जागा देतं. शेवटी डॅम१ संकुल: दहा प्रथिनांचा एक घटक, आणि असे अनेक घटक मिळून मायक्रोट्यूब्यूलभोवती कडं तयार होतं.

दोन बारकावे बरेचदा सुटतात. एक, डॅम१ला कायनेटोकोअरवर बसायला मायक्रोट्यूब्यूल लागतो, बाकीच्या थरांना लागत नाही. नोकोडाझोल (मायक्रोट्यूब्यूल मोडणारं औषध) दिलेल्या पेशीत डॅम१ कायनेटोकोअरवर दिसलं नाही, तर ते अपेक्षितच आहे. दोन, जोडणी आपोआप होत नाही. डीएसएन१चा एक भाग मिफ२कडची वाट स्वतःच अडवून ठेवतो. आयपीएल१ (ऑरोरा बी कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम) डीएसएन१च्या २४० आणि २५० क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं, तेव्हा ती मोकळी होते. हाच आयपीएल१ पुढे प्रश्न ७ मध्ये पकड सोडवतानाही भेटेल. बांधणारा आणि सोडवणारा एकच, फक्त जागा वेगळी.

५. कायनेटोकोअर मायटोसिसच्या वेळीच बांधलं जातं ना?

नाही. माणसाच्या पेशीत बाहेरचा थर मायटोसिसमध्ये येतो आणि नंतर निघून जातो. यीस्टमध्ये कायनेटोकोअर जवळजवळ पूर्ण चक्रभर बांधलेलं आणि मायक्रोट्यूब्यूलला जोडलेलं असतं, जी१मध्येसुद्धा. सोळाही सेन्ट्रोमिअर स्पिंडल पोल बॉडीजवळ (स्पिंडलच्या टोकाजवळ, म्हणजे पोलजवळ) घोळक्याने असतात, म्हणून एमटीडब्ल्यू१ला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) लावलं तर जी१ पेशीत सोळा नव्हे, एकच ठिपका दिसतो.

खंड पडतो तो एस फेजच्या (डीएनए दुप्पट होण्याच्या टप्प्याच्या) सुरुवातीला. सेन्ट्रोमिअरचं डीएनए लवकर दुप्पट होतं; त्या वेळी कायनेटोकोअर सुटतं, सेन्ट्रोमिअर पोलपासून दूर सरकतो, आणि मिनिट-दोन मिनिटांत नवी जोडणी होऊन पुन्हा पकडला जातो. जुना सीएसई४ जाऊन नवा याच वेळी बसतो. पाच-पाच मिनिटांनी फोटो काढणाऱ्यांना हे दिसतच नाही. १५ ते ३० सेकंदांचं अंतर ठेवावं लागतं.

६. पेशीचक्र पुढे ढकलतं कोण?

एकच कायनेज, सीडीसी२८, आणि त्याचे बदलते सायक्लिन, म्हणजे त्याला चालू करणारे जोडीदार. जी१मध्ये सीएलएन३-सीडीसी२८ हे व्हि५ या रोधकाला एसबीएफपासून (जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांपासून) दूर करण्याची सुरुवात करतं. मग सीएलएन१ आणि सीएलएन२ बनतात आणि पेशी ‘स्टार्ट’ (चक्रात शिरण्याचा निर्णयबिंदू) ओलांडते. हे सायक्लिन सिक१वर (सीएलबी-सीडीसी२८च्या रोधकावर) अनेक फॉस्फेट लावतात, एससीएफ-सीडीसी४ सिक१ला नष्ट करायला पाठवतं, आणि मोकळे झालेले सीएलबी५ व सीएलबी६ डीएनए दुप्पट करायला घेतात. सीएलबी१ ते सीएलबी४, त्यातही मुख्यतः सीएलबी२, मायटोसिस चालवतात.

बाहेर पडताना उलटा प्रवास. एपीसी-सीडीसी२० (दुसरं युबिक्विटिन लायगेज) हे पीडीएस१ला (सिक्युरिन) नष्ट करतं, त्यामुळे ईएसपी१ (सेपरेज) सुटतं आणि कोहेसिनमधल्या (भगिनींना बांधून ठेवणाऱ्या कड्यातल्या) एससीसी१ला कापतं. भगिनी गुणसूत्रं (दुप्पट होऊन बनलेल्या दोन प्रती) वेगळी होतात. त्यानंतर सीडीसी१४ फॉस्फेटेज न्यूक्लिओलसमधून बाहेर पडतं, सीडीएच१ (एपीसीचा दुसरा साथीदार) जागं करतं, सिक१ परत आणतं, आणि सीडीकेची (सीडीसी२८ची) क्रिया पाडतं. एपीसीच्या सीडीसी२०वर कायनेटोकोअर हात ठेवून असतं. पाहा प्रश्न ८.

७. दोन्ही भगिनी एकाच पोलला जोडल्या गेल्या तर यीस्टला कसं कळतं?

ताण नसल्यावरून. भगिनी विरुद्ध पोलना जोडलेल्या असतील तर कोहेसिन त्यांना एकत्र ठेवतं आणि मायक्रोट्यूब्यूल बाहेर ओढतात. पकड ताणली जाते. दोघी एकाच पोलला असतील तर ओढ नाही. ताण नसलेल्या कायनेटोकोअरवर आयपीएल१ हे एनडीसी८०च्या शेपटावर आणि डॅम१वर फॉस्फेट लावतं, पकड सैल होते, आणि पुन्हा प्रयत्न होतो. ताण स्वतःही पकड घट्ट करतो: २०१० मध्ये यीस्टमधून शुद्ध केलेली कायनेटोकोअर लेसर ट्रॅपने ओढून पाहिली, तेव्हा सुमारे ५ पिकोन्यूटनपर्यंत ओढ वाढवल्यावर ती मायक्रोट्यूब्यूलवर अधिक काळ टिकली.

आयपीएल१-३२१ हा म्युटंट ३७ अंशांना ठेवला की चुकीच्या पकडी सुटत नाहीत आणि बऱ्याच भगिनी जोड्या एकाच पोलकडे जातात. तरीही पेशी थांबत नाही. कारण चेकपॉइंटला दिसते ती रिकामी जागा, आणि इथे जागा रिकामी नाही, फक्त चुकीची भरलेली आहे.

८. एखादंच कायनेटोकोअर मोकळं असेल तर पूर्ण पेशी कशी थांबते?

मोकळ्या कायनेटोकोअरवर एमपीएस१ बसतं आणि एसपीसी१०५वरच्या ‘मेल्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यांवर फॉस्फेट लावतं. तिथे बब३-बब१ येतात, मग मॅड१-मॅड२. तयार होणारं संकुल (मॅड२, मॅड३, बब३ आणि सीडीसी२०) कायनेटोकोअरवरून सुटून केंद्रकभर पसरतं आणि एपीसी बंद ठेवतं. पसरणारा संकेत असल्यामुळे सोळांपैकी एकही पुरतं. मॅड आणि बब ही दोन्ही कुळं १९९१ मध्ये यीस्टमध्येच सापडली, मायक्रोट्यूब्यूल मोडूनही न थांबणारे म्युटंट शोधताना.

पकड बसली की एसपीसी१०५ला चिकटणारं पीपी१ फॉस्फेटेज (यीस्टमध्ये जीएलसी७) ते फॉस्फेट काढतं आणि संकेत विझतो. जीएलसी७ची ती जागा मोडली तर चेकपॉइंट लागतो पण बंद होत नाही, आणि पेशी मरते.

९. अल्फा फॅक्टरने सगळ्या पेशी एका वेळी कशा आणाव्यात?

अल्फा फॅक्टर हे मॅट-अल्फा या लिंगप्रकाराच्या पेशींचं पेप्टाइड, आणि ते मॅट-ए पेशींना जी१मध्ये थांबवतं. म्हणून पेशी मॅट-ए असायला हव्यात. मॅट-अल्फा किंवा डिप्लॉइडवर (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या पेशींवर) परिणाम होत नाही. बीएआर१ जनुक शाबूत असेल तर मिलिलिटरमागे ५ ते १० मायक्रोग्रॅम, बीएआर१ काढलेलं असेल तर त्याच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी पुरतं. बीएआर१ हे अल्फा फॅक्टर तोडणारं एन्झाइम आहे, आणि थोडं आम्लधर्मी माध्यम (पीएच ४च्या आसपास) त्याला मंदावतं.

वाढत्या कल्चरची ओडी (गढूळपणाचं माप) ०.२च्या जवळ असताना सुरुवात करा. ९० मिनिटांनी निम्मा डोस पुन्हा द्या. साधारण दोन ते अडीच तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: मुकुल नसलेल्या, एका बाजूला नाशपातीसारखं टोक काढलेल्या पेशी ९० टक्क्यांहून जास्त हव्यात. मोजण्याआधी हलकं सोनिकेशन करा, नाहीतर चिकटून राहिलेल्या आई-मुलीची जोडी मुकुल म्हणून मोजली जाते. मग गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुवा आणि ताज्या, आधीच ३० अंशांवर आणलेल्या माध्यमात सोडा. प्रोनेज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) थोडं घातलं तर उरलेलं पेप्टाइडही संपतं. दर १० मिनिटांनी नमुना घ्या. एकच चक्र पाहायचं असेल तर छोटे मुकुल दिसू लागताच अल्फा फॅक्टर परत घाला, म्हणजे पुढच्या जी१मध्ये पेशी पुन्हा अडकतील.

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते इथे: जास्त वेळ ठेवलेल्या पेशी खूप मोठ्या होतात आणि सुटल्यावर एकत्र चालत नाहीत. तीन तासांपुढे जाऊ नका.

१०. नोकोडाझोल दिलं, तरी पेशी थांबत नाहीत. का?

बहुतेक वेळा चेकपॉइंट ठीक असतो, औषध विरघळलेलं नसतं. डीएमएसओमध्ये मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅमचा स्टॉक करून शेवटी १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवा, म्हणजे डीएमएसओ १ टक्का होतो. फ्लास्क गोल फिरवत, थेंबथेंब घाला. एकदम ओतलं, किंवा माध्यम थंड असलं, तर पांढरे सुईसारखे स्फटिक दिसतात. ते दिसले की तो फ्लास्क टाकून द्या. दीड तासाने निम्मा डोस पुन्हा द्या. अडीच तासांनी मोठ्या मुकुलाच्या पेशी ८० ते ९० टक्के हव्यात.

तरीही थांबत नसतील तर बेनोमिलही (तसंच दुसरं औषध) घालून पाहा, आणि सोबत दोन कंट्रोल ठेवा: मूळ स्ट्रेन, आणि मॅड२ काढलेला. दुसरा थांबायला नको. तोही थांबला, तर तुम्ही चेकपॉइंट मोजत नाही आहात. खूप तास ठेवलं की साध्या पेशीही शेवटी चेकपॉइंट असूनही निसटतात.

११. सेन्ट्रोमिअरजवळ जीएफपीचे दोन ठिपके दिसतात. म्हणजे अ‍ॅनाफेज (भगिनी सुटण्याचा टप्पा) झाला ना?

इथेच घोडं पेंड खातं. लॅकओ किंवा टेटओची माळ (चमकणारं प्रथिन बसेल असे डीएनएचे सलग तुकडे) सेन्ट्रोमिअरजवळ असेल, तर मेटाफेजमध्येच (भगिनी सुटण्याआधी), कोहेसिन शाबूत असताना, दोन ठिपके अर्ध्या-पाऊण मायक्रोमीटरने वेगळे होतात, परत एक होतात, पुन्हा वेगळे होतात. ही विरुद्ध बाजूंनी पडणारी ओढ आहे, म्हणजे जोडणी बरोबर असल्याची खूण. भगिनी खरंच सुटल्या का हे पाहायला माळ भुजेवर, सेन्ट्रोमिअरपासून दूर हवी. किंवा पीडीएस१चा वेस्टर्न (प्रथिन नष्ट झालं का ते दाखवणारा) घ्यावा. किंवा स्पिंडलची लांबी पाहावी. मेटाफेजचा स्पिंडल साधारण दीड ते दोन मायक्रोमीटर असतो, अ‍ॅनाफेजमध्ये तो आईतून मुलीत शिरतो.

मेटाफेजमध्ये नक्की थांबवायचं असेल तर सीडीसी२० बंद करा, उदाहरणार्थ एमईटी३ प्रोमोटरखाली (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाखाली) ठेवून मेथिओनीन घालून. नोकोडाझोलने थांबवलेल्या पेशीत ओढच नसते, त्यामुळे हा प्रश्न तिथे सोडवता येत नाही. आणि स्ट्रेन एडीई२ हे जनुक नसलेला असेल तर अ‍ॅडेनीन जास्त घाला. साचलेलं लाल रंगद्रव्य स्वतःच चमकतं आणि मंद ठिपके गिळून टाकतं.

१२. माझ्या म्युटंटमध्ये कायनेटोकोअर पूर्ण मोडलंय, तरी चेकपॉइंट लागत नाही. प्रयोग चुकला का?

नसेल चुकला. संकेत कायनेटोकोअरवरच तयार होतो (प्रश्न ८). पायाच काढला तर संकेत द्यायला जागा राहत नाही. एनडीसी१०-१ हे याचं नेहमीचं उदाहरण: ३७ अंशांना एकही कायनेटोकोअर बनत नाही, पेशी थांबत नाही, स्पिंडल लांबतो आणि गुणसूत्रं एकाच बाजूला राहतात. एका मुलीत सगळं, दुसरीत जवळजवळ काही नाही. नोकोडाझोल दिलं तरी ती थांबणार नाही. उलट डॅम१ बिघडलं तर कायनेटोकोअर शाबूत राहतं, फक्त पकड नीट नसते; पेशी व्यवस्थित थांबते. एनडीसी८० संकुलातले म्युटंट मधले: काही थांबतात, काही नाही, अ‍ॅलीलवर अवलंबून.

म्हणून ‘चेकपॉइंट निघाला’ असं लिहिण्यापूर्वी सीएसई४ किंवा एमटीडब्ल्यू१ सेन्ट्रोमिअरवर आहे का, हे चिप करून (क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते पाहण्याची पद्धत) दाखवावं लागतं.

१३. मॅड२ काढूनही यीस्ट जगतं, मग चेकपॉइंटची गरज काय?

बहुतेक चक्रांत सगळी कायनेटोकोअर वेळेत पकडली जातात, म्हणून थांबण्याची वेळच येत नाही. अडचण आली की फरक दिसतो: मिलिलिटरमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम बेनोमिलच्या प्लेटवर मॅड२ नसलेला स्ट्रेन वाढत नाही. बब१ काढलं तर बेनोमिलशिवायही वाढ मंद असते, कारण बब१ शुगोशिन (एसजीओ१) आणून ताण नसलेल्या जोड्या दुरुस्त करायलाही मदत करतं. फक्त चेकपॉइंट तपासायचा असेल तर बब१पेक्षा मॅड२ किंवा मॅड३ घ्यावं.

१४. सीएसई४ला जीएफपी कुठे लावू?

शेवटी नको. सी-टोकाला लावलेलं सीएसई४ पूर्ण काम करत नाही आणि आकडे फसवतात. लांब एन-टोकाच्या आत घातलेला टॅग चालतो. अति प्रमाणात बनवणंही टाळा: जादा सीएसई४ भलत्या जागी बसतं. साध्या पेशीत पीएसएच१ हे लायगेज त्याला ओळखून नष्ट करतं. पीएसएच१ नसताना गॅलेक्टोज प्रोमोटरखाली सीएसई४ वाढवलं तर वाढ खुंटते.

१५. एखादंच गुणसूत्र मोकळं सोडायचं असेल तर?

सेन्ट्रोमिअरशेजारी जीएएल१ प्रोमोटर घाला. गॅलेक्टोजमध्ये ट्रान्सक्रिप्शन सेन्ट्रोमिअरमधून जातं आणि कायनेटोकोअर झडतं. ग्लुकोज दिलं की पुन्हा बसतं. आधी माध्यमात रॅफिनोज ठेवा, ग्लुकोजवरून थेट गॅलेक्टोजवर नेल्यास चालू व्हायला वेळ लागतो. एकाच गुणसूत्राच्या पकडीची वेळ मोजायला याहून स्वच्छ उपाय नाही.

१६. गुणसूत्र हरवण्याचं प्रमाण कसं मोजतात?

एडीई२-१०१ (वसाहत लाल करणारा बिघाड) असलेल्या डिप्लॉइडमध्ये एसयूपी११ (तो बिघाड झाकणारं जनुक) असलेला गुणसूत्राचा तुकडा ठेवतात. तुकडा नसेल तर वसाहत लाल, एक प्रत असेल तर गुलाबी, दोन असतील तर पांढरी. अर्धी गुलाबी-अर्धी लाल वसाहत म्हणजे पहिल्याच विभाजनात तुकडा हरवला. अर्धी पांढरी-अर्धी लाल म्हणजे दोन्ही भगिनी एकाच बाजूला गेल्या. फक्त लाल भाग निम्मा किंवा जास्त असलेल्या वसाहती मोजा, नाहीतर नंतरच्या विभाजनांतल्या घटना मिसळतात. पूर्ण लाल वसाहती वेगळ्या ठेवा, त्या प्लेटवर पडण्याआधीच तुकडा हरवून बसल्या होत्या. माध्यमात अ‍ॅडेनीन कमी हवं, नाहीतर रंगच चढत नाही. मूळ गुणसूत्र सुमारे लाखात एकदा हरवतं, त्यामुळे मूळ स्ट्रेनमध्ये एकही अर्धी वसाहत न दिसणं हे काही यश नव्हे, हजारो वसाहती मोजाव्या लागतात.

१७. हे सगळं फिशन यीस्टला लागू होतं का?

प्रथिनांची नावं बरीच, क्रमाची तत्त्वंही, बाकी नाही. शिझोसॅकरोमायसिस पॉम्बेमध्ये फक्त तीन गुणसूत्रं आहेत, सेन्ट्रोमिअर सुमारे ४० ते ११० किलोबेसचे, आजूबाजूला हेटरोक्रोमॅटिन, आणि एका कायनेटोकोअरला दोन ते चार मायक्रोट्यूब्यूल. म्हणजे एकच कायनेटोकोअर दोन्ही पोलना जोडलं जाण्याची चूक तिथे होऊ शकते, आपल्या यीस्टमध्ये नाही. चक्रही वेगळं: तिथे जी२ लांब असतो आणि ताबा वी१ व सीडीसी२५ यांच्याकडे. तिथला सीडीसी२५ आणि इथला सीडीसी२५ एकच नव्हेत. आपल्याकडचा तो रॅसचा साथीदार आहे, फॉस्फेटेज नाही.

१८. मिओसिसमध्ये एनडीसी८०-जीएफपी दिसेनासं होतं. टॅग खराब आहे का?

नाही. मिओसिसच्या (बीजाणू बनवणाऱ्या विभाजनाच्या) पहिल्या प्रोफेजमध्ये बाहेरचा थर मुद्दाम उतरवला जातो. आयएमई१मुळे (मिओसिस सुरू करणाऱ्या प्रथिनामुळे) एनडीसी८०चा लांबलचक एमआरएनए वरच्या प्रोमोटरवरून बनतो, त्यातून प्रथिन तयार होत नाही, आणि नेहमीचा प्रोमोटर दबला जातो. नंतर एनडीटी८०मुळे (हे एनडीसी८० नव्हे, जनुकं चालू करणारं प्रथिन) नेहमीचा, छोटा एमआरएनए परत येतो. हा मार्ग २०१७ मध्ये उलगडला. एवढ्या काळात कायनेटोकोअरची जागा दाखवायला एमटीडब्ल्यू१ वापरा, ते टिकून असतं. पुढे पहिल्या विभाजनात मोनोपोलिन (सीएसएम१, एलआरएस४, मॅम१ आणि एचआरआर२५) दोन्ही भगिनींची कायनेटोकोअर एकत्र बांधतं, त्यामुळे त्या एकाच पोलकडे जाणं ही इथे चूक नसून नियम आहे. प्रश्न ७ मधली चाचणी मिओसिसवर लावताना एवढं ध्यानात ठेवा.